इझाबेल रोमला परत का गेली?

हेन्री जेम्स यांची ‘द पोर्ट्रेट ऑफ अ लेडी’ ही कादंबरी वाचून संपवणाऱ्या बहुतेकांच्या मनात शेवटच्या पानावर एकच प्रश्न उभा राहतो, आणि तो पुष्कळदा रागानेच विचारला जातो: इझाबेल परत का गेली? नवऱ्याने आपल्याशी पैशासाठी लग्न केले हे तिला कळलेले आहे, ज्या मैत्रिणीने ही सोयरीक जुळवून आणली तिचा त्यातला स्वार्थ उघडा पडला आहे, इंग्लंडमध्ये मायेने तिचे स्वागत करणारे घर आहे आणि त्या घराच्या बागेत एक प्रामाणिक, कर्तबगार माणूस ‘माझ्याबरोबर चल’ असे विनवीत उभा आहे. इतके सगळे असूनही ती रोमची, म्हणजे त्याच नवऱ्याच्या घराची वाट धरते. आमच्या वाचनगटात ही कादंबरी झाली तेव्हा एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी पुस्तक मांडीवर उपडे ठेवले आणि विचारले, “एवढी वाचलेली, हातात पैसा असलेली मुलगी, आणि शेवटी सासरीच?” त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर शेवटच्या प्रकरणांतच शोधणारा वाचक हमखास निराश होतो, कारण जेम्स यांनी त्याचा मोठा भाग तिथे ठेवलेलाच नाही. तो कादंबरीच्या पोटात, ४२व्या प्रकरणात आहे, जिथे एक स्त्री रात्रभर विझत्या शेकोटीसमोर बसून राहते आणि बाहेरून पाहिले तर काहीच घडत नाही. त्या रात्रीपर्यंत पोचायचे तर आधी पैशाचा आणि मग लग्नाचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. कायद्याचा हिशेब त्यानंतर येतो.

गोष्ट थोडक्यात

ही कादंबरी १८८० ते १८८१ या काळात इंग्लंड आणि अमेरिका येथील मासिकांतून क्रमशः आली आणि १८८१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जेम्स यांचा जन्म १८४३ चा, न्यूयॉर्कमधला. पण १८७६ पासून ते लंडनमध्ये स्थायिक झाले होते आणि युरोपात वावरणारे अमेरिकन हा त्यांचा आवडीचा विषय होता. मिनी टेंपल नावाची त्यांची एक बुद्धिमान, जगण्याची विलक्षण ओढ असलेली आतेबहीण १८७० मध्ये क्षयाने, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेली. इझाबेल आर्चर या नायिकेच्या मागे तिची आठवण आहे.

इझाबेल ही ऑल्बनी गावातली, आईवडील नसलेली, भरपूर वाचणारी मुलगी. तिची मावशी लिडिया टचेट तिला युरोपात घेऊन येते. लंडनपासून काही अंतरावर, टेम्स नदीच्या काठी मावशीच्या नवऱ्याचे ‘गार्डनकोर्ट’ हे जुने घर आहे. तिथे आल्यावर थोड्याच दिवसांत लॉर्ड वॉरबर्टन नावाचा, इस्टेट आणि किताब दोन्ही असलेला सज्जन सरदार तिला मागणी घालतो आणि ती नकार देते. बोस्टनहून तिच्या मागे आलेला कापडगिरणीचा मालक कॅस्पर गुडवुड यालाही ती थांबवून ठेवते. पुढे तिला अचानक मोठा वारसा मिळतो, आणि मग फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या गिल्बर्ट ऑस्मंड या अमेरिकन विधुराशी ती लग्न करते. त्याला किताब नाही, पैसा नाही, काही उद्योगही नाही. आहे ती पंधरा वर्षांची, मठातल्या शाळेत वाढलेली पॅन्सी नावाची मुलगी. उरलेली कादंबरी त्या लग्नाची आहे.

हा उच्चभ्रू समाज नेमका कोणता?

‘उच्चभ्रू’ म्हटले की राजवाडे आणि सरदारघराणी डोळ्यांसमोर येतात. या कादंबरीतला समाज मात्र मायदेश सोडून आलेल्यांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लॉरेन्स आणि रोममध्ये अमेरिकन व इंग्रज कुटुंबांच्या मोठ्या वसाहती होत्या. इटलीत राहणे स्वस्त होते, घरे मोठी आणि जुनी होती, आणि मायदेशातून येणाऱ्या बेताच्या व्याजावरही तिथे ऐटीत राहता येत असे. या लोकांना शेती नव्हती, पेढी नव्हती, गावकी नव्हती. माणसाची किंमत मग कशावर ठरायची? ती ठरत असे अभिरुचीवर, म्हणजे चांगले काय, सुंदर काय, कोणाकडे जावे आणि कोणाकडे जाऊ नये हे ओळखण्याच्या कौशल्यावर. ऑस्मंड या बाजारातला पारखी आहे. फ्लॉरेन्सजवळच्या बेलोस्गुआर्दो टेकडीवरच्या त्याच्या घरात जुनी चित्रे, जुनी वस्त्रे, जुनी भांडी अशी निवडून मांडलेली आहेत की खोलीत पाऊल टाकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. आपल्या आयुष्यात आपण काहीच मागितले नाही, असे तो इझाबेलला सांगतो. रशियाचा सम्राट, तुर्कस्तानचा सुलतान आणि रोमचे पोप यांचा मात्र मला हेवा वाटत असे, असेही तो सांगतो. ती हे सारे गमतीचे बोलणे समजते. मी पहिल्या वाचनात तिच्याइतकाच सहज पुढे गेलो होतो.

सत्तर हजार पौंड

इझाबेलचा मावसभाऊ राल्फ टचेट क्षयाने आजारी आहे आणि आपण लग्न करणार नाही हे त्याने मनाशी ठरवून टाकले आहे. वडील मृत्युशय्येवर असताना तो त्यांना विनंती करतो की माझ्या वाट्यातला अर्धा भाग इझाबेलच्या नावे करा, मात्र हे मी सुचवले हे तिला कळू देऊ नका. तिच्या शिडात थोडा वारा भरावा एवढीच त्याची इच्छा आहे. आपल्या कल्पनेला हवे ते ज्याला करता येते तो श्रीमंत, अशी त्याची श्रीमंतीची व्याख्या आहे. म्हातारे टचेट पेढीवाले आहेत. ते व्यवहारी शंका काढतात की अशी मुलगी पैशावर टपलेल्या माणसाच्या हाती लागली तर काय? राल्फ म्हणतो, धोका आहे, पण लहान आहे. अशा रीतीने इझाबेलला सत्तर हजार पौंड मिळतात, जी त्या काळी आयुष्यभर व्याजावर थाटात राहता येईल एवढी मोठी रक्कम होती.

एखाद्या गावात महामार्गासाठी जमीन जाते आणि शेतकऱ्याच्या खात्यात मोबदला जमा होतो, तेव्हा पुढच्या महिन्याभरात कोण कोण ओटीवर येऊन बसते हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कादंबरीचा मध्य वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. फरक एवढाच की इथे येणारी व्यक्ती अतिशय सुसंस्कृत आहे. मादाम मर्ल ही गार्डनकोर्टची जुनी पाहुणी. पियानो उत्तम वाजवणारी, कधीही चुकीचा शब्द न बोलणारी. इझाबेलला ती आपला आदर्श वाटू लागते. वारशाची बातमी मावशीकडून कळते त्या क्षणी मात्र मादाम मर्लच्या तोंडून ‘मोठी हुशार निघाली!’ अशा अर्थाचा उद्गार निसटतो आणि लगेच ती स्वतःला सावरते. मध्यस्थीची सुरुवात तिथे होते. ऑस्मंडची ओळख करून देणारी तीच.

राल्फने इझाबेलला दिलेला पैसा तिच्या स्वातंत्र्यासाठी होता, आणि नेमक्या त्याच पैशामुळे ती हेरली गेली. यात राल्फ वाईट नाही, त्याचे वडीलही वाईट नाहीत. जेम्स यांनी ही गाठ अशी बांधली आहे की प्रेमाने दिलेली देणगी आणि तिच्यावर पडलेला डोळा या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

एवढी हुशार मुलगी फसली कशी?

हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि त्याला ‘प्रेम आंधळे असते’ असे उत्तर देऊन भागत नाही. इझाबेल विचार करूनच फसते. तिचा एक ठाम सिद्धांत आहे. मादाम मर्लबरोबरच्या एका गप्पांत तो स्पष्ट होतो. मादाम मर्ल म्हणते की माणसाभोवती एक कवच असते, त्याचे घर, कपडे, पुस्तके, सोबती. आपण कुठे संपतो आणि हे सारे कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. इझाबेलला हे अजिबात पटत नाही. माझ्या मालकीची कोणतीही वस्तू माझे मोजमाप होऊ शकत नाही, असे ती म्हणते.

आता हा सिद्धांत घेऊन ती स्थळे पाहते असे समजा. लॉर्ड वॉरबर्टनशी लग्न म्हणजे त्याचा वाडा, त्याची खुर्ची, त्याच्या बहिणी, त्याचा इतिहास या सगळ्याशी लग्न. गुडवुडच्या मागे गिरणी आहे आणि त्याचा स्वतःचा दणकट आग्रह आहे. ऑस्मंडकडे मात्र काहीच नाही, म्हणून तिला तो शुद्ध, निखळ माणूस वाटतो. मावशीच्या हरकतीविषयी बोलताना ती राल्फला अभिमानाने सांगते की त्याच्याकडे इस्टेट नाही, किताब नाही, मानमरातब नाही, हेच मला आवडते. कवच नसलेला माणूस शोधायला निघालेली ही मुलगी ज्याच्यापाशी कवचाखेरीज दुसरे काही नाही त्याच्यापाशी येऊन थांबते, कारण त्याचे कवच वाड्याचे आणि किताबाचे नसून अभिरुचीचे आहे, आणि त्या प्रकारचे कवच तिने आधी कधी पाहिलेले नाही.

दुसरे कारण पैशाचे आहे, आणि ते तिला स्वतःलाही फार उशिरा कळते. फुकट मिळालेल्या पैशाचे तिला ओझे झाले होते. एखाद्या चांगल्या माणसाच्या हाती तो सोपवला, तर त्याचे चीज होईल आणि आपले मन हलके होईल, असे तिला वाटत होते. लग्नात मुलीकडून पैसा जातो ही गोष्ट आपल्याला हुंड्यामुळे चांगली माहीत आहे, पण हुंडा वडील देतात आणि तो मागितला जातो. इथे कोणी मागत नाही. ती स्वतःच्या मनाने देते, आणि देणारी आपण आहोत याचा तिला आनंद होतो.

तिला कोणी सावध केले नाही असेही नाही. मावशीने तोंडावर सांगितले. राल्फने तर, तू पिंजऱ्यात जाते आहेस, असे स्पष्ट म्हटले; त्यावर तिचे उत्तर होते की मला माझा पिंजरा आवडत असेल तर तू कशाला काळजी करतोस? तो बोलला म्हणून ती त्याच्यापासून दुरावली. आप्तांचे खरे बोलणे ऐकून लग्न मोडल्याची उदाहरणे जगात कमी आणि नाते तुटल्याची अधिक असतात.

लग्न दाखवलेलेच नाही

आता एक विलक्षण गोष्ट. सहाशे पानांच्या या लग्नाच्या कादंबरीत लग्नाचा सोहळा नाही. ३५व्या प्रकरणात लग्न ठरलेले आहे, आणि ३६वे प्रकरण उघडते ते १८७६ च्या शरद ऋतूतल्या एका संध्याकाळी, दुसऱ्याच एका तरुणाबरोबर. एडवर्ड रोझियर नावाच्या या तरुणाला पॅन्सी आवडते आणि तो मध्यस्थीसाठी मादाम मर्लकडे आला आहे. त्यांच्या बोलण्यातून आपल्याला जाता जाता कळते की इझाबेलच्या लग्नाला तीन वर्षे झाली, तिला एक मुलगा झाला होता आणि तो सहा महिन्यांचा असताना गेला. फ्लॉरेन्समधल्या अमेरिकन प्रार्थनामंदिरात, कडक उन्हाळ्याच्या दिवशी, चारपाच माणसांत लग्न लागले, हेही असेच मागाहून समजते.

ज्या आईचे मूल गेले तिच्याविषयी एक वाक्य, आणि तेही परक्याच्या तोंडी! मला हा या कादंबरीतला सर्वांत थंड, अंगावर काटा आणणारा क्षण वाटतो. पण तो हेतुपूर्वक आहे. तीन वर्षांनी आपण इझाबेलला पाहतो तेव्हा परिचितांना ती जशी दिसते तशी, बाहेरूनच, पाहतो. रोममधल्या ‘पालाझ्झो रोक्कानेरा’ या अंधाऱ्या, भक्कम वाड्यात दर गुरुवारी ऑस्मंड दांपत्याकडे बैठक भरते. रोझियर तिला प्रथम पाहतो ती काळ्या मखमली पोशाखात, सोनेरी कडा असलेल्या दाराच्या चौकटीत उभी. त्याला ती एखाद्या कुलीन स्त्रीच्या चित्रासारखी वाटते. कादंबरीच्या नावातले ‘पोर्ट्रेट’ ते हेच. जी मुलगी ऑल्बनीच्या घरातल्या एका अडगळीच्या खोलीत पावसाळी दिवशी जर्मन विचारांचा इतिहास वाचत बसली होती, ती आता भिंतीवर टांगण्याजोगी झाली आहे. राल्फही रोमला येतो तेव्हा स्वतःला विचारतो की ही आता कशाचे प्रतिनिधित्व करते? उत्तर त्याला लगेच सुचते: गिल्बर्ट ऑस्मंडचे.

एक माणूस बसलेला, एक बाई उभी

इथे जेम्स यांच्या पद्धतीसाठी समीक्षक वापरतात तो एक शब्दप्रयोग सांगायला हवा: ‘जाणिवेचे केंद्र’. याचा अर्थ एवढाच की घटना निवेदकाने वरून सांगायच्या नाहीत, एका पात्राच्या मनात त्या जशा उमटतात तशाच वाचकापुढे ठेवायच्या. घरात एकच कंदील असावा आणि तो एकीच्या हातात असावा. तिने जिथे तो धरला तेवढेच आपल्याला दिसावे, तसे हे आहे.

४०व्या प्रकरणात इझाबेल पॅन्सीबरोबर गाडीतून फेरफटका मारून परत येते आणि दिवाणखान्याच्या दारात थबकते. आत मादाम मर्ल शेकोटीजवळ उभी आहे आणि ऑस्मंड खोल खुर्चीत मागे रेलून तिच्याकडे पाहतो आहे. दोघे बोलत नाहीत. बस्स, एवढेच. पण त्या समाजात बाई उभी असताना पुरुष बसून राहत नाही. बसून राहतो तो फक्त तिथे, जिथे परिचय इतका जुना असतो की शिष्टाचार गळून पडलेला असतो. ऑस्मंड चटकन उठतो आणि क्षण निघून जातो. आपल्याकडेही एखादा पाहुणा न विचारता सरळ स्वयंपाकघरातल्या डब्याला हात घालतो तेव्हा त्याचा त्या घराशी काय संबंध आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर एका रात्री ऑस्मंड तिला सांगतो की वॉरबर्टन आता पॅन्सीकडे वळला आहे. तुझा त्याच्यावर जो प्रभाव आहे तो वापर आणि हे लग्न जमव. तो निघून जातो आणि ती शेकोटीसमोर बसते. हेच ४२वे प्रकरण. नोकर विस्तव नीट करायला येतो, त्याला ती नव्या मेणबत्त्या आणायला सांगून झोपायला पाठवते. पहाटे चारचे ठोके पडतात तेव्हा त्याही जळून तळाशी आल्या आहेत. या दरम्यान ती आपला संसार एकेक पदर उलगडून पाहते. लग्नाआधी तिने त्याचा अर्धाच स्वभाव पाहिला होता, पृथ्वीच्या सावलीत अर्धा झाकलेला चंद्र दिसावा तसा. आता तिला पूर्ण चंद्र दिसतो. आयुष्याच्या प्रशस्त रस्त्यावर निघालो असे वाटत होते, आणि ती निघाली एक अरुंद बोळ, जिच्या शेवटी भिंत आहे. ज्या घरात ती राहते ते अंधाराचे, मुकेपणाचे, गुदमरण्याचे घर आहे, आणि ऑस्मंडची ती प्रसिद्ध सुंदर बुद्धी वरच्या लहानशा खिडकीतून खाली डोकावून तिची थट्टा करते आहे. तुझ्या डोक्यात फार कल्पना आहेत, त्या काढून टाक, असे तो एकदा म्हणाला होता. त्याचा अर्थ तिला आता कळतो. तिला स्वतःचे असे मन आहे, हाच त्याच्या दृष्टीने तिचा खरा अपराध आहे.

याच बैठकीत ती स्वतःलाही सोडत नाही. लग्न ठरण्याच्या काळात आपण आहोत त्याहून लहान असल्याचे त्याला भासू दिले, असे ती मान्य करते. त्यानेही तिला पूर्ण पाहिले नव्हते. १९०८ साली सुधारून काढलेल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत जेम्स यांनी या प्रकरणाला पुस्तकातला सर्वोत्तम भाग म्हटले आहे, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

फसवणूक नंतर कळते

या कादंबरीची चावी मला घटनांच्या क्रमात सापडते. सामान्यतः कथेत आधी रहस्य फुटते आणि मग माणसाचे डोळे उघडतात. इथे इझाबेलचे डोळे ४२व्या प्रकरणात उघडतात, आणि रहस्य फुटते ५१व्यात, जेव्हा ऑस्मंडची बहीण काउंटेस जेमिनी तिला सांगते की पॅन्सी ही ऑस्मंडच्या पहिल्या बायकोची मुलगी नव्हेच. ती मादाम मर्लची मुलगी आहे, आणि तुझे लग्न त्या मुलीची सोय लावण्यासाठी जुळवलेले होते. म्हणजे कोणी कट केला हे कळण्याच्या कितीतरी आधी तिचा भ्रमनिरास पूर्ण झालेला आहे.

हे उलट असते तर कादंबरी बाळबोध झाली असती. कट आधी कळला असता तर दोष कट करणाऱ्यांच्या माथी मारून इझाबेल मोकळी झाली असती, आणि आपणही. पण त्या रात्री तिच्यापुढे कोणीही खलनायक नाही. आपण कसे पाहिले, काय पाहायचे टाळले आणि कोणत्या अभिमानापायी टाळले, एवढेच तिच्यापुढे आहे. भ्रम दुसऱ्याने निर्माण केला असला तरी तो आपल्याच डोळ्यांत राहत होता, हे तिला दिसते. म्हणून तिचा राग काही काळाने मावळला तरी तिची लाज मावळत नाही, आणि पुढचे सारे निर्णय त्या लाजेतून आणि तिला सामोरे जाण्याच्या जिद्दीतून येतात.

तो तर हातही उगारत नाही

‘ऑस्मंड इतका वाईट आहे का?’ असेही काही वाचक विचारतात. तो मारत नाही, दारू पीत नाही, उधळपट्टी करत नाही. इझाबेलही मान्य करते की तो क्रूर वागला नाही. तो आपला द्वेष करतो एवढेच तिला ठाम वाटते. जेम्स यांचे बळ इथेच आहे. त्यांनी आरडाओरडा नसलेला छळ दाखवला आहे. पॅन्सीने रोझियरवर मन ठेवले म्हणून तिला काही दिवस पुन्हा मठात पाठवले जाते, आणि ऑस्मंड हे सांगताना बोलतो ते विश्रांती, शांतता आणि चिंतन यांविषयी. मुलीला शिक्षा झाली हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला समजते, पण शिक्षा हा शब्द कोणी उच्चारत नाही.

राल्फ मरणाच्या दारी असल्याची तार येते तेव्हाचा प्रसंग पाहा. इझाबेल नवऱ्याच्या खोलीत जाते. तो बारीक कुंचल्याने, जलरंगांत, एका जुन्या नाण्याच्या चित्राची नक्कल करत बसला आहे. तू गेलीस तर तो ठरवून केलेला विरोध असेल, असे तो म्हणतो. बायकोने नवऱ्याच्या इच्छेविरुद्ध एकटीने युरोप ओलांडून परपुरुषाच्या उशाशी बसू नये. आपल्या कृत्यांचे परिणाम आपण स्वीकारले पाहिजेत, आणि गोष्टीची प्रतिष्ठा राखली पाहिजे. नक्कल करणारा हात आणि प्रतिष्ठेचे हे बोलणे शेजारी शेजारी ठेवून जेम्स पुढे जातात. अवघड गोष्ट अशी की इझाबेलला हे बोलणे सर्वस्वी खोटे वाटत नाही. देशाचा झेंडा पाहिल्यावर वाटावे तसे काहीतरी तिला त्या शब्दांत जाणवते, कारण लग्नाचे वचन तिनेही मनापासूनच दिले होते.

मग घटस्फोट का नाही?

आता कायदा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ‘कव्हर्चर’ नावाची कल्पना होती. लग्न होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात सामावले जाते आणि तिच्याजवळची रोकड व जंगम मालमत्ता त्याची होते, असा तिचा अर्थ. स्त्रीधन हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या आपल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. श्रीमंत घराणी विश्वस्त नेमून मुलीचा पैसा वेगळा राखत, पण विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता आपल्या नावाने पूर्णपणे बाळगण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला, म्हणजे कादंबरी पुस्तकरूपात आल्याच्या पुढच्या वर्षी. इझाबेलच्या न्यूयॉर्क राज्यात तशी तरतूद १८४८ पासून होती. घटस्फोटाचे चित्र याहून बिकट होते. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यानुसार नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढेच कारण पुरे होते. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य, परित्याग किंवा तसेच दुसरे काही सिद्ध करावे लागे. ही विषमता १९२३ पर्यंत टिकली. इझाबेल राहते त्या इटलीत विभक्त राहता येत असे, पण घटस्फोटाचा कायदा थेट १९७० मध्ये झाला.

कादंबरी आली त्याच दशकात हा इंग्रजी कायदा मुंबईत एका मराठी स्त्रीच्या दारात येऊन उभा राहिला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायचे नाकारले आणि १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला. ‘दांपत्य हक्कांची पुनःस्थापना’ हा तो दावा मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला होता. १८८७ मध्ये न्यायालयाने, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला, आणि त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये अशा नकारासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ मध्येच रद्द झाली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या.

ही तुलना मी इझाबेलला कमी लेखण्यासाठी करत नाही. उलट, तिच्यातला फरक त्यामुळे नीट कळतो. रखमाबाईंचा बिनतोड मुद्दा होता की हे लग्न मी केलेलेच नाही. ते माझ्या संमतीविना लावले गेले. इझाबेलला तो मुद्दा मांडता येत नाही. तिची पत्रकार मैत्रीण हेन्रिएटा स्टॅकपोल सरळ विचारते की त्याला सोडत का नाहीस? त्यावर इझाबेलचे म्हणणे असे, की मी पूर्ण स्वतंत्र होते, साऱ्या जगासमोर लग्न केले, याहून अधिक विचारपूर्वक काही करताच आले नसते. माझी चूक मी जगजाहीर करू शकत नाही. अमेरिकन असल्यामुळे तिला वाटा असत्या. पण तिला अडवणारी गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही.

परत जाणे म्हणजे हार का?

ती नवऱ्याची आज्ञा मोडून इंग्लंडला जाते, हे रागावलेले वाचक पुष्कळदा विसरतात. तिने केलेला सर्वांत मोठा बंडाचा प्रकार तोच आहे. निघण्यापूर्वी ती मठात पॅन्सीला भेटायला जाते, तिथे मादाम मर्ल समोर येते, आणि राल्फमुळेच तू श्रीमंत झालीस, हा शेवटचा घाव घालते. गार्डनकोर्टला राल्फच्या उशाशी ती पहिल्यांदा मोठ्याने कबूल करते की त्याने माझ्याशी पैशासाठी लग्न केले. चूक लपवण्याचा तिचा निश्चय त्या एका माणसापुढे सुटतो. तुझा द्वेष झाला असेल, पण तुझ्यावर प्रेमही झाले आहे, असे राल्फ तिला सांगतो आणि जातो.

मग बागेत गुडवुड येतो. जग फार मोठे आहे, तू कोणाला बांधील नाहीस, असे तो म्हणतो आणि तिचे चुंबन घेतो. जेम्स त्या क्षणाला पांढऱ्या विजेची उपमा देतात. ती पळत घराकडे जाते. आता तिला सरळ वाट दिसते. गुडवुडचे प्रेम खरे आहे यात शंका नाही, पण त्याच्याही आग्रहात, ‘तू माझी हो’ या आग्रहात, इझाबेलला स्वतःचे मन बाळगायला किती जागा आहे? मला ती जागा फारशी दिसत नाही. पहिल्या आवृत्तीचा शेवट वाचून काहींना वाटले असेल की त्याने थांबावे, ती येईल. १९०८ च्या आवृत्तीत जेम्स यांनी काही ओळी वाढवून ती आशा बरीच कमी केली. नायिकेला अधांतरी सोडले असा आक्षेप येईल हे त्यांनी कादंबरी पुरी होण्यापूर्वीच आपल्या टिपणवहीत नोंदवून ठेवले होते.

तरीही एक धागा अधांतरी नाही. मठातल्या त्या भेटीत पॅन्सी घाबरलेली आहे. आता बाबा म्हणतील ते सगळे मी करीन, असे ती सांगते. पण तुम्ही इथे असलात तर ते मला थोडे सोपे जाईल, असेही म्हणते. निरोप घेताना ती विचारते, “तुम्ही परत याल ना?” आणि इझाबेल म्हणते, “हो, मी परत येईन.” पुस्तकात इझाबेलला अनेक जण अनेक वचने मागतात. मागे लाज नसलेले, पैसा नसलेले आणि पूर्ण जाणतेपणी दिलेले वचन हे एकच आहे. ती रोमला पोचल्यावर कोणाच्या दारी आधी गेली हे जेम्स यांनी लिहिलेले नाही. त्या शिक्षिकाबाईंना मी पुढच्या भेटीत एवढेच म्हणालो की ती सासरी गेली की पॅन्सीकडे गेली, हे एकदा ठरवून मग शेवट पुन्हा वाचा. त्यांनी पुस्तक परत मागून घेतले.